मास्तरांचा आवाज आणि माझी इतर मिळकत

मी, जयमाला उत्तमराव भिंगारदिवे, वय वर्षे ६२, सेवानिवृत्त गणित प्राध्यापिका, राहणार केडगाव, ता. नगर, जि. अहमदनगर, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. रक्तदाब आहे आणि गुडघे गेले आहेत. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण उत्तमराव होते तोवर कोण आधी जाणार यावर आमचे एकमत होत नव्हते.

प्रथम माझ्या देहाविषयी. माझे नेत्रदान करावे. उत्तमरावांना कोणाच्या डोळ्यांचा उपयोग झाला नसता, त्यांचा काचबिंदू होता आणि नसच वाळली होती. पण दुसऱ्या कोणाला होईल. नंतर त्रिशरण-पंचशील म्हणावे. पुण्यानुमोदनाला जेवणावळ घालू नये. ज्यांना मी जिवंतपणी आठवले नाही, त्यांनी त्या दिवशी भाषण करू नये.

केडगावातील राहते घर माझ्या व माझ्या पतीच्या पगारातून उभे राहिले. पतीच्या पश्चात ते एकट्या माझ्या नावावर आहे. ते, तसेच बँकेतील व पोस्टातील माझ्या नावे असेल ती शिल्लक, आमचा एकुलता मुलगा प्रशांत यास मिळावी. तो बंगलोरला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याने घर विकले तरी माझी हरकत नाही. फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीला आतून ठोकलेले खिळे पाहून गवंड्याला शिव्या देऊ नयेत. तिथे आम्ही गोधड्या टांगत होतो. का, ते पुढे येईल.

मी ज्या महाविद्यालयात शिकवत होते, तेथील संगणक विभागाच्या तत्कालीन प्रमुखांना मी लिनक्स या मोफत संगणक प्रणालीची माझी मूळ सीडी ठेवत आहे. ती १९९६ साली एका मासिकासोबत आली होती. लॅबमधल्या एका मशीनवर ती टाकू द्या, म्हणून मी त्यांच्याकडे गेले होते. ते म्हणाले, "मॅडम, फुकट मिळतंय म्हणजे चोरीचं असणार. आपल्याला लफडं नको." त्यांच्या लॅबमधल्या एकाही मशीनवरची प्रणाली विकत घेतलेली नव्हती. तेव्हा मी गप्प बसले, कारण निवृत्तीला वर्ष राहिले होते. सीडीसोबत मासिकाची पावतीही ठेवली आहे.

आता मुख्य बाब. 'मास्तर' या नावाचा संगणक प्रोग्राम मी लिहिला असून त्याचे हक्क माझे आहेत. वकिलांनी सांगितले की कायद्याने हे हक्क माझ्यामागे साठ वर्षे वारसांकडे राहतील. म्हणूनच हे मृत्युपत्र लिहिणे भाग पडले. घराचे काय, ते तसेही प्रशांतलाच जाणार होते.

उत्तमराव पारनेर तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. नजर गेली आणि नोकरी लवकर सोडावी लागली. वाचनाचा माणूस. संध्याकाळी कॉलेजातून आले की मी त्यांना वाचून दाखवी. एकदा मध्येच मला थांबवून म्हणाले, "तुझा घसा बसलाय. आणि मला हे सकाळीच ऐकायचं होतं. दिवसभर मी नुसता तुझी वाट बघतो, जयमाला. मला वाट बघायचा कंटाळा आलाय."

घरी माझा ४८६ संगणक होता. त्यावरची प्रणाली बनवणाऱ्या कंपनीला मी लिहिले, की मराठी मजकूर मोठ्याने वाचण्याची सोय करता येईल का. उत्तर आले की अशा सोयीला बाजारपेठ नाही. बरे, मी स्वतः करीन म्हटले तर प्रणालीची आतली बाजू कुलूपबंद. लिनक्सची सीडी घातली आणि पाहते तो सगळे उघडे. प्रत्येक भाग कोणी लिहिला त्याचे नाव, खाली त्याचा पत्ता, आणि वर परवाना: वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा, मात्र पुढच्यालाही हीच मोकळीक द्या. मी त्या रात्री जेवायचे विसरले. उत्तमरावांनी आठवण केली.

पुणे रस्त्यावरचे ट्रक ऐकू येऊ नयेत म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीला गोधड्या टांगल्या. उत्तमराव पाटावर बसून बाराखडी म्हणत, मी कॅसेटवर घेई आणि मग एकेक अक्षर संगणकात उतरवून जोडी. ते 'ण' फार जपून म्हणत. लहानपणी घरी सगळे 'पानी' म्हणायचे आणि शाळेत त्यावरून मार बसायचा, तेव्हापासून तो 'ण' त्यांनी कमावलेला होता.

पण अक्षराला अक्षर जोडले की मध्ये 'टक्' असा आवाज येई. दोष साउंड कार्डच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या लिनक्सच्या तुकड्यात होता. संगणक फोनच्या तारेला जोडून, पुण्याला एसटीडी लावून, मी लिनक्सवाल्यांच्या एका मंडळाच्या ई-मेल टपालात प्रश्न टाकला. पोलंडमधील तोमाश नावाच्या गृहस्थांनी उत्तर दिले. ते कोण, वय किती, मला आजही माहीत नाही. महिनाभर त्यांनी तो ड्रायव्हर सुधारला आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी विचारले, "तुमचे पती आज काय म्हणाले?"

टकटक थांबली त्या दिवशी मी पेपरमधली एक बातमी टाइप करून कळ दाबली. उत्तमराव कान देऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, "हा कोण मास्तर? फारच सावकाश वाचतो."

"तुम्हीच," मी म्हटले.

त्यांना पटेना. पुन्हा लावायला सांगितले. मग इतके हसले की ठसका लागला. प्रोग्रामचे नाव तेथून पडले. मागेल त्याला मी त्याची प्रत देऊ लागले. पुढे मी संध्याकाळी मजकूर टाइप करून ठेवी आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतः कळा चाचपत ऐकत. मी घरी आले की मलाच सांगत, अमुक ठिकाणी काय झाले ते. ऑगस्ट १९९८ मध्ये ते हृदयविकाराने गेले. केडगावातली माणसे आली, चहा घेऊन गेली. मी कळवल्यावर तोमाशचे पत्र आले. त्यात एकच ओळ होती: "त्यांनी किती ऐकले?" मला उत्तर लिहिता आले नाही. प्रशांतने माझ्यामागे त्यांना दोन ओळी लिहाव्यात, ही माझी इच्छा. पत्ता प्रोग्रामच्या पहिल्याच फाइलमध्ये, माझ्या नावाखाली आहे.

त्याच दिवाळीच्या सुट्टीत प्रशांत आला. एका कंपनीला 'मास्तर' विकत हवा होता आणि त्याने त्यांच्याशी बोलून ठेवले होते.

"तू फक्त सही कर, आई."

"अट काय आहे?"

"कोड त्यांच्याकडे राहील. बाहेर गेलेल्या प्रती मागे घ्यायच्या."

"तोमाशची कशी घेणार? त्याचं काम आहे त्यात."

"त्याला कोण ओळखतं? जग कुठं चाललंय बघ. मोठ्या अमेरिकन कंपन्यासुद्धा आता ब्राउझरचा कोड उघडा करताहेत, पण हरायला लागल्यावर. तू जिंकायच्या आधीच वाटून टाकतेस." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि त्यात बाबांचा आवाज आहे. तो तुझ्याइतकाच माझा आहे."

"मग तो त्या कंपनीला कसा देतोस?"

तो बॅग भरायला उठला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेला, तो अद्याप आलेला नाही. फोन येतो. तब्येत विचारतो. मी बरी आहे म्हणते. मग एसटीडीचे बिल वाढते, म्हणून आम्ही ठेवतो.

सबब, मी जाहीर करते की 'मास्तर', त्याचा सर्व कोड आणि त्यातील आवाजाचे तुकडे जीपीएल या, लिनक्सच्याच, परवान्याखाली कायमचे सर्वांना खुले केले आहेत. माझा वारस तो परवाना मागे घेऊ शकणार नाही, किंवा 'मास्तर' फक्त आपला म्हणून कोणाला विकू शकणार नाही.

परंतु प्रशांत म्हणाला ते खोटे नव्हते. रेकॉर्डिंगच्या मूळ कॅसेट्स लोखंडी कपाटात आहेत. त्यांत दोन अक्षरांच्या मधले सगळे आहे. उत्तमराव पाणी मागतात, ट्रकवाल्यावर चिडतात, "प्रशांतचा फोन आला का गं?" असे विचारतात. ते मी संगणकात घातलेले नाही आणि कोणाला दिलेलेही नाही. त्या कॅसेट्स केवळ प्रशांतच्या. त्याने त्या ऐकाव्यात, न ऐकाव्यात.

संगणक, मायक्रोफोन व स्पीकर हुमेरा पीरमहंमद शेख हिला द्यावेत. ती नगरच्या एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर आहे. जन्मांध आहे. तिचा भाऊ कैफ याचा संगणकाचा क्लास आहे. त्याने कुठून तरी 'मास्तर'ची फ्लॉपी मिळवली आणि हिने कचेरीतले सगळे फोन नंबर त्यात भरून ऐकायला सुरुवात केली. मग एक दिवस मला शोधत घरी आली. म्हणाली, "मॅडम, काका 'ण' असा म्हणतात, जसं कुणी चोरून नेईल त्यांचा." उत्तमराव गेल्यानंतर मी हसले ते तेव्हा. ती येत राहिली आणि प्रोग्राम लिहायला शिकली.

गेल्या महिन्यात ती नवी फ्लॉपी घेऊन आली. अंधशाळेतल्या मुलींना बाईचा आवाज हवा होता, म्हणून तिने सगळी बाराखडी स्वतः म्हटली होती.

"पण एका फ्लॉपीवर दोघं मावत नाहीत, मॅडम. तुम्ही म्हणाल तर मी माझा काढते."

"परवानगी कशाला मागतेस? परवाना वाचलायस ना?"

"वाचलाय. तरी विचारते."

मी तिला म्हटले, तुझाच ठेव. तिने कळ दाबली. त्या दिवशीची बातमी होती, सन दोन हजारला संगणक बंद पडतील की काय याची. तिचा आवाज मोकळा आहे, उत्तमरावांपेक्षा स्पष्ट. पूर्ण बातमी वाचून झाली. ते कुठेच नव्हते. कैफ लूनावर घ्यायला आला, ती गेली, आणि मी अंधार पडेपर्यंत दिवा लावला नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या फ्लॉपीच्या प्रती काढल्या आणि अंधशाळेच्या पत्त्यावर टपालात टाकल्या.

हुमेराच्या त्या आवृत्तीबाबत माझी, माझ्या वारसाची अथवा इतर कोणाची कसलीही हरकत चालणार नाही. पुढे तिचाही आवाज कोणी काढून टाकला तर तिनेही हरकत घेऊ नये.

येणेप्रमाणे लिहून ठेवले. वाचून पाहिले, बरोबर आहे.

ठिकाण : केडगाव
दिनांक : २१ नोव्हेंबर १९९९

(सही) जयमाला उत्तमराव भिंगारदिवे

साक्षीदार : आम्ही खाली सही करणार शेजारी असून या मृत्युपत्राने आम्हांस काही मिळत नाही. बाईंनी आमच्यादेखत सर्व मजकूर मोठ्याने वाचून दाखवला व सही केली. वाचताना त्या दोनदा थांबल्या. आम्ही उरलेले वाचू का म्हणून विचारले, पण त्या नको म्हणाल्या.

१. (सही) आप्पासाहेब लक्ष्मण ठुबे
२. (सही) गहिनीनाथ रामभाऊ शिंदे