भिंतीला लावलेला हात

आई, तुझ्यासाठी मी या हातांनी काय काय केलं ते आधी लिहितो. गोळ्यांचा सागवानी डबा, एकवीस कप्प्यांचा, प्रत्येक कप्प्याला वेगळं झाकण. स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल. साखरेच्या डब्याची कडी. आणि भंगारातून आणून दुरुस्त केलेला वजनकाटा, शंभर ग्रॅमचा फरकही दाखवणारा. काटे दुरुस्त करायला मला कुणी शिकवलं नाही, उघडून बघत शिकलो. आपल्या अग्रहार भागातले दुकानदार अजून माझ्याकडेच येतात.

तुझ्या डोक्यातले आवाज गोळ्यांनी शांत झाले, पण त्याच गोळ्यांनी वजन वाढलं, मागोमाग साखर. म्हणून दर रविवारी, कॉफीच्या आधी, मी तुला काट्यावर उभं करायचो. तू भिंतीला हात टेकायचीस. हात टेकला की काटा कमी दाखवतो, हे मला कळत नाही होय? "हात काढ. मला फसवतेस?" तू कानडीत म्हणायचीस, "साकु, साकु! पुरे झालं रे. मी काय तांदळाचं पोतं आहे?" मी हसायचोही नाही. हात काढायला लावून आकडा दारामागे लिहायचो.

अशाच एका रविवारी ती बाई आली, दवाखान्याच्या रांगेत तुझ्या शेजारी बसणारी. तिला तुझाच आजार, त्याच गोळ्या. तुला काट्यावर डुलताना बघून ती दारातूनच म्हणाली, "अय्यो, यांना पायाखालचं कळत नाहीये. साखरेनं तळवे बधिर होतात, माझे झाले होते. डॉक्टरांना सांगितलंत?" तू म्हणालीस, "याला सांगितलं तर हा माझ्या तळव्यांचंही वजन करील." दोघी केवढ्या हसलात! इतक्या वर्षांत तू माझ्याबरोबर तशी हसली नव्हतीस. मला तेच झोंबलं. "मंगळवारी येते," ती तुला म्हणाली, आणि तू कॉफी करायला आत गेलीस.

त्यानंतर काही महिन्यांनी तुझ्या टाचेत पितळेचा कीस रुतला. माझ्याच कामातला. तुला कळलं नाही. मला कळलं ते वास यायला लागल्यावर, आणि तोवर उशीर झाला होता.

परवा विजयनगर भागातल्या एका केंद्रात काटा दुरुस्त करायला गेलो. तिथे तुझाच आजार असलेली माणसं एकमेकांना सांभाळतात. एक काट्यावर चढला, दुसऱ्याने त्याचं कोपर धरलं. "असं धरलंत तर वजन चुकेल," मी म्हणालो. पिकल्या केसांची बाई हसली. "चुकू दे हो. आधी माणूस उभा राहू दे." तीच होती. तिने मला ओळखलं नाही. मीही ओळख दिली नाही.

त्या रविवारनंतर कित्येक मंगळवार तू तिची वाट बघत दाराशी बसलीस. मी म्हणालो, विसरली असेल. विसरली नव्हती. त्या रविवारी तू आत कॉफी करत असताना ती मला सांगत होती: मंगळवारी आणि शुक्रवारी येईन, हात धरून बागेपर्यंत चालवीन, परतल्यावर तळवे बघीन, डॉक्टरांकडे बरोबर जाईन. मी म्हणालो, "घरात एक वेडी आहे तेवढी पुरे." तिने मागितलं होतं फक्त बसभाडं. जाऊन-येऊन बारा रुपये.