कॅमेरा धरणारा हात

ती. ताईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं, असं आईला सांग. तिचा गुडघा कसा आहे?

मेंदूखालची गाठ आम्ही दोघं मिळून नाकातून काढतो. आत जायची वाट मी, नाक-कान-घशाचा डॉक्टर, करून देतो. पुढे मेंदूचा डॉक्टर गाठ काढतो आणि मी त्याच्यासाठी नुसता कॅमेरा धरून उभा! मागच्या पेशंटबाईंचा नवरा त्याचे हात धरून रडला. मला म्हणाला, "भूल तुम्हीच दिलीत ना?" अंगाचा तिळपापड झाला गं.

आज कॅमेरा धरताना तेच आठवत होतं. माझा हात जरासा हलला, तर त्याला आतलं काही दिसत नाही.

हलला नाही. पेशंट सुखरूप आहे. पण हलवावासा वाटला होता, एवढं आईला सांगू नकोस.

तुझाच,
धाकटा