टाकीतला किडा राहणार

जावईबापू,

तो केसाळ किडा पकडायला तुम्ही माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत लावलेला सापळा मी काढून, धुऊन ओट्यावर ठेवलाय. रागवायचं तर खुशाल रागवा. निळ्या माशाला त्याने मारलेलं नाही. मासा आपल्या मरणाने मेला, याने फक्त मागचं आवरलं. तुम्ही टाकीत ठेवायला आणलेल्या दगडाबरोबर न बोलावता आला, एवढाच ना त्याचा गुन्हा? दिवसभर कपारीत पडून असतो, उरलंसुरलं खातो, ना कोणाच्या अध्यात ना मध्यात. आता चिडून टाकीत हात घालू नका, त्याचे केस बोटात रुततात.

आणि हो, तुम्ही दाराशी आणून ठेवलेली माझी बॅगही रिकामी करून माळ्यावर टाकली आहे.

फिरून येतो. जेवायला घरीच आहे.

तुमच्या बायकोचा बाप