साखर सोडून सगळं ताब्यात

४ मार्च, सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. कारण, तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट ९.१ आला. सातच्या आत हवा होता. मेडिकल इन्शुरन्सच्या क्लेम खात्यात चौतीस वर्षं लोकांचे आजार तपासले. स्वतःचा एक आजार ताळ्यावर आणायला किती वेळ लागणार? दोन महिने धरतो.

डॉक्टरीणबाई नवीन आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या. रिपोर्ट बाजूला ठेवून भलतंच विचारत बसल्या. जेवताना सोबत कोण असतं, आठवड्यात किती जणांशी बोलणं होतं, बायको गेल्यापासून स्वयंपाक कोण करतं, घर कितव्या मजल्यावर आहे. असले प्रश्न असलेला फॉर्म मी तरी उलटटपाली परत पाठवला असता. आजार शरीरात असतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांत नसतो, असं त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मुद्दा पटला असावा.

निघताना म्हणाल्या, पायाची संवेदना कमी झालीय, घरातल्या कोणाला तरी रोज तळवे बघायला सांगा. म्हटलं, मीच बघेन.

५ मार्च
तळवे बघायचा पहिला प्रयत्न. वय अडुसष्ट, पाठ त्याहून जुनी. पाय मांडीपर्यंत येतो पण तळवा समोर येत नाही. आरसा वापरावा. घरातला एकमेव आरसा बेसिनच्या वर, भिंतीत पक्का. पाय तिथपर्यंत नेता येईल असं वाटलं होतं. येत नाही. बेसिन आता थोडं हलतंय.
टाच दिसली. टाच उत्तम. त्यावरून बाकीचा तळवाही उत्तम.

११ मार्च
दहा हजार पावलं चालायचा कार्यक्रम. मी चौथ्या मजल्यावर. लिफ्ट वर्षभर ‘पुढच्या आठवड्यात’ चालू होतेय. खाली पाइपसाठी फूटपाथ खणून ठेवलाय आणि वाटेतला एकुलता बाकही उचलून नेलाय. तेव्हा हॉलमध्येच चाललो. सोफा ते खिडकी अकरा पावलं. नऊशेला कंटाळा आला.
दुपारी शोध लागला. फोन हातात धरून हात नुसता हलवला तरी पावलं मोजली जातात. खुर्चीत बसून सहा हजार झाली. टेक्नॉलॉजीशी जुळवून घेतलं पाहिजे.

१७ मार्च, रविवार
मुलीचा दर रविवारचा फोन. ती दुसऱ्या शहरात असते, रेल्वेने सहा तास. येऊ का म्हणत होती. म्हटलं, कशाला उगाच रजा वाया घालवतेस, इथे सगळं फर्स्ट क्लास आहे. तिला हायसं वाटलं असणार, कारण गप्प झाली. चार मिनिटं बारा सेकंद.
नंतर टेबल पुसलं. ते स्वच्छच होतं.

२६ मार्च
डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली लिहिलं होतं: ज्येष्ठांचा गट, मंगळवार, चार वाजता, वाचनालयाचा हॉल. जणू हेही औषधच. जाऊन आलो. चौदा माणसं. हल्ली लोक तोंड न उघडता बोलतात. एकूणच उच्चार घसरलेत. त्यात पंखे.
पोस्टातून रिटायर झालेल्या एका बाईंनी काहीतरी विचारलं. मी म्हटलं, “अर्धा कप, बिनसाखरेचा.” सगळे खो खो हसले. पहिल्याच दिवशी छाप पडली.
काम होतं म्हणून वीस मिनिटांत निघालो. घरी येऊन काम कोणतं ते आठवेना, म्हणून आडवा झालो.

२७ मार्च
तिसऱ्या मजल्यावरचे ड्रायव्हरसाहेब जिन्यात भेटले. आयुष्यभर बस चालवली, आता रिटायर. तेही त्या गटात जातात. त्यांच्याकडून कळलं की बाईंनी “घरी कोण कोण असतं?” असं विचारलं होतं.
म्हणजे माझं उत्तर आणखीच विनोदी झालं.
ते कानाच्या मशीनबद्दलही बोलले. मुलगीही तेच म्हणत असते. लोकांनी नीट बोलायचं सोडून मी मशीन लावायचं. गटात पुन्हा जाणार नाही. वेळ नाही.

९ एप्रिल
ड्रायव्हरसाहेबांचा रिपोर्ट ६.८. शक्यच नाही. वीस वर्षांचा डायबिटिस, एक बायपास, दोन खोल्यांत सात माणसं. ताटात पडेल ते खातात, तेही गोंगाटात. हसले की माझ्या फरशीतून आवाज वर येतो.
लॅबमध्ये नमुन्यांची अदलाबदल झाली आहे, यात शंका नाही. लॅबला दोन पानी पत्र लिहिलं.

१६ एप्रिल
लॅबने दोघांची तपासणी पुन्हा केली. ते ६.७. मी ९.८.
दुपारभर विचार केला. त्यांची बायको जेवण मोजून वाढते. सून गोळ्या हातात देते. नात संध्याकाळी हात धरून ओढत फिरायला नेते. म्हणजे ही साखर त्यांनी स्वतः कमी केलेलीच नाही. सात जणांनी मिळून एकाचा रिपोर्ट आणलाय. मी सगळं एकट्याने करून ९.८ आणतो. त्यांना एकट्याने करायला लावलं तर किती येईल?
हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मी तुम्हाला तेच तर सांगतेय. त्यांना माझा मुद्दा नीट कळलेला नाही.

२ मे, गुरुवार
गोळ्यांसाठी सात कप्प्यांची डबी आणली होती. आज मंगळवार भरलेला आणि शनिवार रिकामा. डबीतच खोट आहे.
पूर्वी असला घोळ नव्हता. हिच्या हयातीत अकरा वर्षं एकही गोळी चुकली नाही. ती ताटाशेजारी गोळी ठेवायची, मी घ्यायचो. माझी स्मरणशक्ती चांगली आहे असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो.

५ मे
आहार. रविवारी चार दिवसांचा भात लावतो. ओट्याशी उभ्यानेच खातो. एका माणसासाठी ताटवाटी कशाला? भात संपला की बिस्किटं. उभ्याने खाल्लेलं अंगी लागत नसावं.
वजन तीन किलोंनी कमी. कार्यक्रम लागू पडतोय.

३ जून, सकाळी
जिना चढताना ड्रायव्हरसाहेबांनी मागून दंड धरला. काहीतरी म्हणाले. मी नेहमीप्रमाणे मान डोलावली. त्यांनी खाली बोट दाखवलं. प्रत्येक पायरीवर एकेक लाल डाग. कोणीतरी रंग सांडलाय, सोसायटीला कळवतो म्हटलं.
त्यांनी मला पायरीवर बसवलं आणि उजवी चप्पल काढली. तळवा बघून त्यांनी सुनेला हाक मारली. चपलेतून खिळा वर आला होता. बोटाच्या मुळाशी काळं पडलं होतं. मलाही वास आला. खरं तर तीन-चार दिवस घरात येत होता तोच. मोरी तुंबली म्हणून मी दोनदा फिनेल टाकलं होतं.
दुखलं कसं नाही, असं त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं. म्हटलं, मी तसा काटक आहे.
त्यांनी आणि सुनेने दोन बाजूंनी धरून मला खाली उतरवलं. बायपासवाल्या माणसाने. मी नको नको म्हणत होतो. पण चालता येत नव्हतं.

६ जून, हॉस्पिटल
बोट काढावं लागलं. अंगठ्याशेजारचं. पाय वाचला म्हणतात.
ॲडमिशनच्या फॉर्मवर रुग्णाशी नातं असा रकाना असतो. ड्रायव्हरसाहेबांनी भरला होता. मला आज दाखवला.
“काहीतरी लिहावंच लागतं,” ते म्हणाले. “मी भाऊ लिहिलंय. खोडायचं असेल तर खोडा.”
खोटी माहिती. याहून क्षुल्लक कारणावरून मी किती फॉर्म परत पाठवलेत याची गणती नाही. एकदा एका म्हाताऱ्याचा क्लेम नुसत्या सहीच्या फरकावरून अडवला होता. तो तीनदा ऑफिसात आला, दर वेळी एकटाच. सोबत कोणी नाही का, असं मी वैतागून विचारलं होतं. तो काय म्हणाला ते आठवत नाही. ऐकलंच नसेल.
नर्सकडून पेन मागून घेतलं. थोडा वेळ हातात धरलं. मग परत दिलं.
मुलीला कळवलेलं नाही. उगाच रजा वाया जायची.

२० जून
घरी. ड्रायव्हरसाहेबांच्या पत्नी रोज सकाळी आठला येतात. त्यांना मी वहिनी म्हणतो, फॉर्मशी सुसंगत राहावं म्हणून. तळवा बघतात, “बरं आहे” म्हणतात, दहा मिनिटं बसतात. बोलतात बरंच. मी मान डोलावतो. त्यांच्या समाधानासाठी हे चालू ठेवलंय.

११ जुलै
रिपोर्ट ८.२. शिस्तीचा परिणाम. अलीकडे वहिनी डबाही आणतात. तो बसून खावा लागतो, कारण त्या समोर बसतात.

२४ जुलै, बुधवार, सकाळी ८.४०
वहिनी आल्या नाहीत. वाट बघतोय असं नाही. दार हवेसाठी उघडं ठेवलंय.

९.१५
कठडा धरून एक मजला उतरलो. त्यांच्या दाराला कुलूप. त्यांच्या समोर राहणारी शिक्षिका म्हणाली की सगळे त्यांच्या मुलीकडे बाळंतपणाला गेलेत, महिन्याने येतील. वहिनींनी मला दोनदा सांगितलं होतं म्हणे. माझ्या मुलीला बोलावून घ्या असंही सांगितलं आणि मी मान डोलावली. मान डोलावल्याचं आठवतंय. मला वाटलं, हवापाण्याबद्दल बोलतायत.
तिथेच पायरीवर बसलो. वर जाण्याआधी जरा दम घ्यावा. पायातला मोजा काढला. तळवा दिसत नाही. वाकून बघितलं, तरी नाही.
मुलीला फोन लावला. बुधवार असल्यामुळे तिने घाबरूनच उचलला. मी सगळं फर्स्ट क्लास असल्याचं सांगायला सुरुवात केली आणि तोंडातून भलतंच गेलं.
“माझा तळवा बघायला कोणी नाही. बोट काढल्यापासून रोज बघावा लागतो.”
ती काहीतरी म्हणाली. एरवी अशा वेळी मी “हो हो, बरोबर” म्हणतो.
“ऐकू आलं नाही,” मी म्हटलं. “परत सांग.”
तिने परत सांगितलं. तरी कळेना. तिसऱ्यांदा ती एवढ्या मोठ्याने बोलली की शिक्षिका पुन्हा दारात आली. तिने माझ्या हातातून फोन घेतला, ऐकला आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, “आजच्या गाडीने निघतेय.”
मी नको म्हणायला तोंड उघडलं होतं. पण फोन माझ्याकडे नव्हता. दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. माझ्याबद्दलच असावं.