खिशातला डावा हात

आंदोंगच्या शिस्तप्रिय दादास,

बाबांच्या श्राद्धाला मी तुझ्या पेल्यात थोरल्याला दोन्ही हातांनी ओतायची रीत मोडून एकाच हाताने दारू ओतली आणि तू सगळ्या भावकीसमोर म्हणालास, "शहरात जाऊन दुसरा हात विकलास काय रे?" तेव्हापासून तुझा फोन नाही. विकला नव्हता, दादा. खिशात निपचित पडला होता. त्याआधीच मला अर्धांगाचा झटका आला होता. तू रडून गाव गोळा करशील, म्हणून कळवलं नाही.

आता देजॉनच्या इस्पितळात एक रोबो माझा डावा हात धरून पडद्यावरची सफरचंदं तोडायला लावतो. एक तोडलं की 'शाब्बास' म्हणतो. तू उभ्या जन्मात म्हणाला नाहीस!

व्यायाम घेणाऱ्या प्यो बाईंनी विचारलं, "आजोबा, या हाताने काय करायचंय?"

"थोरल्या भावाचा पेला भरायचाय. उजव्याने ओतायचं, डाव्याने उजव्याला आधार द्यायचा."

"अहो, बाकीचे शर्टाची बटणं लावायची म्हणतात!" त्या हसल्या, पण रोबोला तेच शिकवायला लावलं.

आज रोबोशिवाय मी त्यांना पाणी ओतून दिलं. त्यांनी पेला दोन्ही हातांनी घेतला, वडीलधाऱ्यासमोर पितात तशा तोंड वळवून प्यायल्या, आणि पिऊन झाल्यावरही बराच वेळ तोंड वळवूनच बसल्या.

हे पत्र टाकत नाही. चुसोकच्या सणाला स्वतःच येतो. शाब्बासकी नको, ती रोबोने भरपूर दिलीय. थोडी दारू सांडेल, तेव्हा मात्र मनसोक्त ओरड. तुझं ओरडणं ऐकून फार दिवस झाले.

तुझा दोन हातांचा धाकटा,
मान-सिक