लॅबमध्ये मीठ कोण घालतंय?

सोम. ११ मे, सकाळी ९
आजपासून बीएस्सीच्या मुलांचं समर रिसर्च ट्रेनिंग. सुट्टीत स्वखुशीने कॉलेजात येणारी मुलं. काहीतरी कारण असणार. वीस वर्षं मी या केमिस्ट्री लॅबचा अटेंडंट आहे. लक्ष ठेवायचं ठरवलं.

नेमाप्रमाणे शंकराच्या देवळात अभिषेक करून तिथल्या विहिरीचं पाणी कॅनमधून आणलं. बाटल्या धुऊन झाल्या की शेवटी त्यानेच विसळतो. मशीनच्या डिस्टिल्ड वॉटरवर माझा भरवसा नाही.

बुध. १३ मे
ट्रेनिंगमधली रुचिता गावोगावच्या विहिरींतलं मीठ मोजणार. वडील मिठागरवाले. योगायोग?

आधी बाटलीतलं नुसतं डिस्टिल्ड वॉटर तपासतात. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला की नितळ राहायला हवं. दुधासारखं झालं. म्हणजे मीठ. ट्रेनिंग घेणाऱ्या कल्पिता मॅडमनी तिला विचारलं, "हात धुतलेस का गं?" मला आधीच वाटलं होतं.

शुक्र. १५ मे
पुन्हा पांढरं. तिच्याच बॅचच्या हारिसच्या खिशात खारे शेंगदाणे सापडले. नाव लिहून ठेवलं. म्हणतो, "मामा, पोलिसात का न्हाय गेलात?" भरतीत छाती भरली नव्हती, ते त्याला कशाला सांगा.

गुरु. २१ मे
काल बाटल्यांच्या कपाटाला दोरा बांधून गेलो. आज दोरा जागच्या जागी, पाणी पांढरं. चोर हुशार आहे. विसळणं दुप्पट केलं.

शुक्र. २२ मे
जास्तच पांढरं.

बुध. २७ मे
मॅडमनी बजावलं, सोमवारपर्यंत पाणी नितळ आलं नाही, तर अलिबागच्या परिषदेतून रुचिताचं नाव कट. बेसिनपाशी रडत होती. रडणाऱ्यावर जास्त संशय घ्यावा. तरी तिच्यासाठी देवाला नारळ बोललो आणि तिच्या बाटल्या तीनदा विसळल्या.

शुक्र. २९ मे, दुपारी
रुचिताने विचारलं, "मामा, धुतल्यावर बाटल्यांना आणखी काय करता?" अभिमानाने कॅन दाखवला. तिने त्यातलं थोडं पाणी घेऊन थेंब टाकला. दही.

हारिस हसत खालीच बसला. मॅडम म्हणाल्या, "रघूमामा, वीस वर्षं?" मी म्हटलं, एकाही मुलाची तक्रार नाही. हारिस म्हणाला, "कशी येईल? रीडिंग सगळे सीनियरच्या जर्नलमधून उतरवतात." मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

शनि. ३० मे
रुचिताने बाटल्या स्वतः धुतल्या. पाणी नितळ. अलिबागला जाणार. आमची विहीर तिच्या यादीत सातवी. हळूच म्हणाली, "मामा, समुद्र आत आलाय."

पटत नाही. केमिकलच बाद असणार. मी ते पाणी कधी चाखलेलं नाही; देवाचं पाणी उष्टं करायचं नसतं. पण सोमवारी सोक्षमोक्ष लावतो.

सोम. १ जून, सकाळी ६
माफी मागून ओंजळभर प्यायलो.

खारट.

इतकी वर्षं याच पाण्याने अभिषेक करतोय. देव एका शब्दाने बोलला नाही.