निळी पानं

९ जानेवारी, मंगळवार

चौदा बायका आणि मी. पहिल्या पंधरा मिनिटांत बोट कापलं.

वर्गात नाव बायकोने, रंजनाने दिलं होतं, स्वतःचं. पहिल्या दिवशी काचा बघून घाबरली आणि आज मला पाठवलं. "घरमा बठीसन मन्हाकडे दखत राहू नका!" — एवढ्या मोठ्याने, की शेजारच्या चिंधानेही ऐकलं असणार. खोटं नाही. खाता, म्हणजे लूमचा कारखाना, बंद झाल्यापासून मी तेच करतो. शेठने कतारगामचा कारखाना विकला, कामरेजकडे नवी मशीनं टाकली. त्यांना माणसं कमी लागतात. जुन्या लूममध्ये मी चौतीस वर्षं उभा होतो. लूम गेले, त्यांचा आवाज कानात राहिला. बाकीचे आवाज गेले.

वर्ग अमरोलीच्या बुद्धविहारात, खालच्या खोलीत. मंगळवार, शुक्रवार, दुपारी. रंगीत काचेचे तुकडे कापायचे, साध्या काचेवर चिकटवून चित्र करायचं, मग फटींत पांढरं सिमेंट भरायचं. शिकवतात प्रमिलाबाई, सुरत म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतून रिटायर झालेल्या. म्हणाल्या, काच डोळ्यांनी नाही, कानांनी कापायची. कटर नीट फिरला की एकसारखा चर्र आवाज येतो. आवाज तुटला की काच वाकडी फुटणार.

हे मला शेजारी बसलेल्या कमलने कानात ओरडून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

१२ जानेवारी, शुक्रवार

आठ काचा फोडल्या. बाई माझ्यापाशी आल्या, काहीतरी म्हणाल्या. मी म्हणालो, "हो हो, येतं ऐकू." सगळा वर्ग हसला. त्यांनी विचारलं होतं — "तुमचं नाव काय?"

मग शेजारीच बसल्या. मी कटर फिरवायचा, त्यांनी आवाज ऐकायचा. टेबलावर बोट एकदा आपटलं तर बरोबर. दोनदा आपटलं तर दाब जास्त. टेबलाचा धक्का मनगटाला कळतो. नववी काच सरळ तुटली.

बाईंचा आवाज शाळेचा आहे, साठ पोरांच्या वरून जाणारा. जवळ बसल्या की त्यांचं बहुतेक कळतं.

१६ जानेवारी, मंगळवार

उत्तरायणात मांजाने अख्ख्या सुरतची बोटं कापली. माझ्या पट्टीबद्दल कुणी विचारलं नाही.

पहिलं चित्र पुरं झालं. मोर. रंजनाने हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "कोंबडी चांगली शे," म्हणाली. खिडकीत लावलीही. कोंबडी म्हणूनच.

३० जानेवारी, मंगळवार

मासा केला. मासाच दिसतो.

६ फेब्रुवारी, मंगळवार

विहाराच्या कमिटीने वर्गाला काम दिलं! पूर्वेच्या खिडकीत पिंपळ हवाय, १४ एप्रिलच्या आत. पुरुषभर उंच.

बाई म्हणाल्या, काच विकत कमी आणायची, घराघरातून जास्त मागायची. ज्याची काच, त्याचं झाड. मी आमच्या बिल्डिंगमध्ये फिरलो. चिंधाने तेलाची निळी बाटली दिली, वर अर्धा तास विचारत बसला, मी त्या लोकांच्या विहारात कशाला जातो. मी म्हणालो, ऐकू येत नाही. ऐकू न येण्याचे फायदे आहेत.

कमलने नवऱ्याच्या बाईकची फुटकी लाल लाईट आणली. चालू बाईकची निघाली. परत नेली.

खोड माझ्याकडे. पानं बाई स्वतः करणार.

२० फेब्रुवारी, मंगळवार

बाईंनी पाच पानं निळी लावली आहेत.

बायका म्हणतात, काय सुचतं हो बाईंना, पिंपळाला निळी पानं! मीही तेच समजलो असतो. पण त्या मला म्हणाल्या, "योगराजभाऊ, तो हिरवा डबा इकडे द्या." आणि बोट निळ्याकडे.

मी निळा दिला.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज त्यांचा हात लागून रॉकेलची वाटी सांडली. कटर बुडवायला ठेवतो ती. नेहमीच्याच जागेवर होती, उजव्या हाताला. त्या म्हणाल्या, कुणी सरकवली? कुणीच नव्हती सरकवली.

सगळ्या गेल्यावर मला थांबवलं. एक पान हातात. "हे कोणत्या रंगाचं?"

निळं होतं.

"हिरवं," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

पान लावलं. सहा झाली.

घरी येताना विचार करत होतो. मला विचारलंच का? चौदा जणी होत्या. मग कळलं. मी गोड बोलत नाही म्हणून.

५ मार्च, मंगळवार

नऊ पानं.

कमलने सगळं बोलून टाकलं. तिचा काही दोष नाही. नणंदेला काम दाखवायला घेऊन आली आणि मोठ्याने म्हणाली, "आमच्या बाईंची कल्पना बघा, निळी पानं!" बाई थांबल्या. खिडकीची चौकट आडवी ठेवली होती, तिच्यावर वाकल्या. एकेका पानावर हात फिरवला. काचेला हात लावून रंग कळत नाही.

मग माझ्याकडे वळल्या. सगळ्यांसमोर नाही, जवळ येऊन.

"तुम्हाला मी विचारलं होतं."

"हो."

"शाळेत पस्तीस वर्षं पोरं खोटं बोलायची. मला लगेच कळायचं. तुमचं कळलं नाही, कारण तुम्ही खोटं बोलाल असं वाटलंच नव्हतं."

हे सगळं नीट ऐकू आलं. एक शब्दही सुटला नाही.

८ मार्च, शुक्रवार

बाई वर्गात होत्या. माझ्या टेबलापाशी आल्या नाहीत. सहा काचा फोडल्या.

आज महिला दिन. कमिटीने सगळ्यांना गुलाब दिले. मलाही एक दिला.

१२ मार्च, मंगळवार

बाई आल्याच नाहीत. कमल म्हणाली, ताप आहे म्हणतात. ताप नव्हता.

पत्ता घेऊन गेलो. कोसाडला, दुसरा मजला. दार त्यांनीच उघडलं. मी म्हणालो, राम राम. त्या म्हणाल्या, जय भीम, आणि दारातच उभ्या. येताना वाटेत वाक्यं जमवली होती, सगळी विसरलो.

"मी खोटं बोललो," एवढंच म्हटलं.

"का?"

"मला ऐकू येत नाही हे मी वीस वर्षं लपवलं. खात्यात, घरात. कुणी विचारलं की हो म्हणायचं. मला वाटलं तुम्हालाही तसंच चालेल."

"नाही चालत."

"कळलं."

मग आत घेतलं. चहा त्यांनीच केला, कप मात्र चाचपून शोधला. बसल्यावर सांगितलं — काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. बाजूचं दिसेनासं होत चाललंय, आणि निळं-हिरवं कधीचंच एक झालंय. गेलेलं परत येत नाही. आहे ते टिकवायला थेंब घालतात. मुलगा नरेंद्र नागपूरला, त्याला अर्धंच सांगितलंय.

"काच शिकवते आणि काचबिंदू," म्हणाल्या. "हसा."

मी हसलो. मग वाईट वाटलं. तेवढ्यात त्याच हसायला लागल्या.

कप ठेवताना म्हणाल्या, "शुक्रवारी ती नऊ पानं काढून टाका."

"नको."

"पुन्हा गोड बोलताय?"

"नाही. निळी चांगली दिसतात. हिरव्यातली तीन मात्र भिकार झालीयेत. ती काढू."

त्यांनी कप पुन्हा उचलला.

"कोणती तीन?"

१५ मार्च, शुक्रवार

तीन हिरवी पानं काढली. सुकलेल्या डिंकातून काच काढणं म्हणजे दात काढणं. एक पान माझ्या हातून चौकटीबाहेर पडलं, फुटलं. बाईंना आवाज कळला, मला नाही. मी तेच पान शोधत होतो, त्या म्हणाल्या, "ते गेलं. पुढचं घ्या."

नवी पद्धत. त्या माझ्या शेजारी. मी कापतो तेव्हा त्या ऐकतात, टेबलावर बोट आपटतात. त्या लावतात तेव्हा मी रंग सांगतो. "पोपटी." "गडद हिरवा." "हा मळका, नको." एकदा म्हणालो, हा बरा आहे. त्या म्हणाल्या, बरा म्हणजे काय? चांगला की वाईट? आता बरा शब्द बंद.

कमल दुरून बघत होती. तिला काहीतरी कळलंय. विचारलं नाही.

२६ मार्च, मंगळवार

धुळवडीचा रंग हातावरून जात नाही. बाई माझा हात डोळ्यांपाशी नेऊन म्हणाल्या, "हा कोणता?" मी म्हणालो, गुलाबी. "हा मला दिसतो!" — एवढ्या खूश, की मी दुसरा हातही पुढे केला.

५ एप्रिल, शुक्रवार

फटी भरून झाल्या. सगळ्या जणी जुनी फडकी घेऊन पुसत होत्या. वर चढलेलं सिमेंट निघून खालून रंग येतो, तेव्हा कुणी बोलत नाही. मला वाटलं, माझंच ऐकू येणं आणखी गेलं. कमलला विचारलं. ती म्हणाली, नाही काका, सगळ्याच गप्प आहेत.

१४ एप्रिल, रविवार

चौकट खिडकीत बसवली होती, सकाळी तिच्यावरचं कापड काढलं. पूर्वेचा उजेड थेट आत. पांढऱ्या साड्या नेसून बायका खाली बसल्या होत्या, त्यांच्या अंगावर हिरवं आलं. आणि मध्ये-मध्ये निळं. एक लहान पोरगी निळ्या ठिपक्यात बसायला मिळावं म्हणून आईशी भांडत होती. आईने हार मानली.

रंजना आली होती. मागे बसली, पण आली. चिंधा आला नाही.

कमिटीचे साहेब बोलत होते. मला वाटलं संपलं, मी टाळ्या वाजवल्या. माझं बघून सगळ्यांनी वाजवल्या. साहेब बसले. संपलं नव्हतं, असं नंतर कळलं. माझ्यावर कुणी रागावलं नाही.

मग बाई माईकपाशी गेल्या. थोडंसंच बोलल्या. सगळ्यांचे चेहरे बदलले, कमल रडायला लागली. मी रंजनाकडे मागे वळून पाहिलं, तीही डोळ्यांना पदर लावत होती. सगळ्या हॉलमध्ये काय झालं ते माहीत नसलेला मी एकटा.

कमलने नंतर वाक्य-वाक्य सांगितलं. बाई म्हणाल्या — ही पानं निळी झाली ती मला सुचलं म्हणून नाही. मला दिसत नाही म्हणून. यापुढे मी कुणाला विचारलं की हे कसं दिसतं, तर जसं दिसतं तसंच सांगायचं. योगराजभाऊ सांगतात तसं.

१९ एप्रिल, शुक्रवार

नरेंद्र आला, आईला न्यायला. आता त्याला सगळं माहीत आहे. नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे दाखवायचं, मग तिथेच राहायचं. बाई वर्गात निरोप घ्यायला आल्या. खोलीची किल्ली माझ्यासमोर ठेवली.

"आठवडाभर सुट्टी. तीस तारखेपासून तुम्ही."

मी म्हणालो, कमलला द्या. मला बायकांचं बोलणं कळत नाही. काच नीट कापताहेत की नाही, ते कसं ऐकणार?

"त्याला मशीन मिळतं," बाई म्हणाल्या. "मी डोळे आणू शकत नाही. तुम्ही कान आणू शकता, आणि आणत नाही."

मी किल्ली उचलली.

त्यांना रिक्षापर्यंत सोडलं. रिक्षात बसताना डोकं दांडीला आपटू नये म्हणून मी हात मध्ये धरला. माझ्या हातावर आपटलं.

२६ एप्रिल, शुक्रवार

दवाखान्यात तपासलं. तिथल्या मुलीने कानात मशीन बसवलं, म्हणाली, "काका, बरं ऐकू येतंय?" मी म्हणालो, बरं म्हणजे काय? चांगलं की वाईट? ती गोंधळली.

रस्त्यावर आलो आणि मशीन काढून खिशात टाकलं. सुरत एवढी मोठ्याने चालते, हे माहीत नव्हतं.

३० एप्रिल, मंगळवार

वर्ग घेतला. मशीन फक्त वर्गापुरतं घालायचं ठरवलंय.

दोन नव्या बाया आल्या. त्यांना दाखवायला काचेवर कटर फिरवला. आवाज आला. कोऱ्या साडीचा काठ सरळ फाडत नेल्यासारखा. चार महिने मी हा आवाज काढत होतो!

वर्गातूनच नागपूरला फोन केला. बाईंनी विचारलं, "कसा आहे आवाज?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता बाकीच्यांचे आवाज ऐका." मग डोळ्यांबद्दल विचारलं. म्हणाल्या, आहे तेवढंच आहे. गोड बोलल्या नाहीत.

३ मे, शुक्रवार

वर्गातून घरी आलो, मशीन काढायचं राहिलं.

रंजना ओट्यापाशी चवळी मोडत होती, पाठ माझ्याकडे. हळू आवाजात बोलत होती. मला वाटलं, फोनवर. फोन माझ्याजवळ टेबलावर होता.

"चवळी लयनू. तुमले आवडत नही, पण खाई ल्या. खालना नळले आज पानीच नव्हतं… खांदा रातभर दुखना. तुमले सांगीसन काय, तुमले थोडीच ऐकू येस… आते उन्हात फिरू नका."

सगळं मला. कुणी ऐकत नाही अशा आवाजात. सवयीने. किती वर्षांच्या, ते मी विचारलं नाही.

"खांदा कोणता?" मी म्हणालो.

तिचे हात थांबले. वळली नाही. गॅसवरचं पाणी उकळत होतं, तेही मला ऐकू येत होतं.

मग म्हणाली, "डावा."